बाबांचं आयकार्ड आणि अलेक्स रायडर

नमस्कार,

माझी मुलगी आठवीत आहे, वय 13. चौथीपर्यंत भरपूर वाचायची, मग मोबाइल आला आणि पुस्तकं कपाटात गेली. मे महिन्यात तिच्या मामेभावाने तिला अलेक्स रायडर नावाच्या मुलाच्या हेरकथांची पाच पुस्तकं दिली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सध्या चौथं चालू आहे. जेवताना पुस्तक, रिक्षात पुस्तक, रात्री पांघरुणात टॉर्च. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीने कशाला ही मारामारीची पुस्तकं वाचायची. शाळेतले सर म्हणतात, जरा कसदार वाचायला द्या. मराठी पुस्तक तर ती हातात धरत नाही. परवा म्हणाली, "मी रॉमध्ये जाणार."

खरी काळजी वेगळीच आहे. कपडे आवरताना तिच्या कपाटात एक वही सापडली. वॉचमन किती वाजता बदलतो, समोरच्या काकूंकडे कोण येतं, सगळं वेळेसकट लिहिलंय. एक पान बाबांचं आहे. "सोम. 8.35 ला निघाले. आयकार्ड शूरॅकवर राहिलं. न्यायला परत आले नाहीत. बुध. आयकार्ड अजून तिथेच. शुक्र. निघताना फोन आला, 'मीटिंगमध्ये आहे' म्हणाले. तेव्हा आपल्याच जिन्यात होते." वाचून मी हबकले. घरच्या माणसांवर पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली! ही पुस्तकं बंद करावीत का?

(तिच्या बाबांच्या कंपनीने जूनमध्ये त्यांचा अख्खा विभाग बंद केला. दुसरीकडे काही जमेपर्यंत मुलांना आणि सासूबाईंना सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय. ते रोज वेळेवर निघतात आणि मित्राच्या ऑफिसात बसून अर्ज करतात. प्रश्नाशी ह्याचा संबंध नाही, पण घरात सध्या ताण आहे म्हणून लिहिलं.)

— एक आई, डोंबिवली

ताई,

पुस्तकं बंद करू नका. आणि कंसात जे लिहिलंत, त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. सगळ्यात जवळचा आहे. पण तिथे येण्याआधी तुमची मुलगी काय वाचतेय ते तुम्हाला सांगायला हवं. पत्रावरून वाटतं की ती पुस्तकं तुम्ही अजून उघडून पाहिलेली नाहीत, आणि ती माहीत असल्याशिवाय त्या वहीचा अर्थ लागायचा नाही.

अलेक्स रायडर हा लंडनच्या चेल्सी भागात राहणारा 14 वर्षांचा शाळकरी मुलगा. आई-वडील लहानपणीच गेलेले, काकाने वाढवलेला. अँथनी होरोवित्झ ह्या इंग्रज लेखकाने 2000 साली 'स्टॉर्मब्रेकर' हे ह्या मालिकेतलं पहिलं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात अशी आहे: पहाटे तीनच्या सुमाराला दारावरची बेल वाजते. पोलीस सांगतात, काका मोटारीच्या अपघातात गेले, त्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. सांत्वनाला माणसं येतात, आणि ह्या मुलाच्या मनात एकच गोष्ट अडकून राहते. काका सीटबेल्ट लावल्याशिवाय गाडी कोपऱ्यापर्यंतसुद्धा न्यायचे नाहीत. मग अंत्यविधीच्या वेळी, काका ज्या बँकेत नोकरीला होते असं तो समजत होता तिथल्या साहेबांच्या ड्रायव्हरच्या कोटाखाली त्याला पिस्तूल दिसतं. घरी परत येतो तर काकांची खोली कुणीतरी रिकामी करून नेलेली. शेवटी तो भंगारवाल्याच्या यार्डात जाऊन ती गाडी शोधून काढतो. काचेवर, पत्र्यावर गोळ्यांची भोकं. बँक खोटी, अपघात खोटा. काका एमआय सिक्स ह्या ब्रिटिश गुप्तहेर संस्थेचे हेर होते आणि त्याला ते कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं.

ह्या सुरुवातीत एकही मारामारी नाही. एक मुलगा आहे आणि मोठ्या माणसांनी सांगितलेली, न जुळणारी एक गोष्ट आहे. मी मुलांच्या वाचनालयाचं काम बघते, तिथे ही मालिका परत करायला आलेल्या मुलांना मी नेहमी विचारते की तुला काय आवडलं. आधी सगळे यो-यो आणि ती पिंपल्सची क्रीम सांगतात. (यो-योच्या दोरीने माणूस वर खेचला जातो आणि क्रीमने लोखंड वितळतं. स्मिदर्स नावाचा एक जाडजूड, प्रेमळ गृहस्थ ही हत्यारं बनवतो. मुलांना तो फार आवडतो, मलाही.) थोडं बोलत बसलं की मग दुसरं काहीतरी बाहेर येतं. "त्याला कुणी खरं सांगत नाही, पण त्याला कळतं." वेगवेगळ्या मुलांकडून, वेगवेगळ्या शब्दांत, मी हेच ऐकत आलेय.

बारा-तेरा-चौदा हे वयच तसं असतं. दार लोटून आई-बाबा हळू आवाजात बोलतात, तेव्हा नेमकं काय चाललंय हे कळत नाही, पण काहीतरी चाललंय हे पक्कं कळतं. विचारलं तर उत्तर मिळतं, "काही नाही, तू अभ्यास कर." अशा वेळी मुलाला स्वतःच्याच डोळ्यांवर शंका यायला लागते. मला दिसलं ते खोटं की मला सांगितलं ते खोटं? अलेक्स रायडरची पुस्तकं त्या मुलाला सांगतात की तुला दिसलं ते खरं आहे. एवढ्यासाठी मुलं पाच पाच पुस्तकं ओळीने वाचतात, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. अलेक्सला हेर व्हायचं नसतं. एमआय सिक्सच्या विशेष मोहिमा विभागाचा प्रमुख ॲलन ब्लंट त्याला सरळ कोंडीत पकडतो: आमचं काम केलं नाहीस तर तुमच्या घरी राहून तुला सांभाळणाऱ्या जॅकचा व्हिसा वाढणार नाही, तिला अमेरिकेला परत जावं लागेल, घर विकलं जाईल आणि तुझी रवानगी संस्थेत होईल. चौदा वर्षांच्या मुलाला टेबलापलीकडून हे सांगणारा माणूस खलनायक नाही, तो देशाच्या बाजूचा आहे. पुढच्या बऱ्याच पुस्तकांत हे लोक अलेक्सला काहीतरी अर्धवट सांगून कुठेतरी पाठवतात. फ्रेंच आल्प्समधली शाळा, क्युबाजवळचं बेट. परत आला की शाळा बुडालेली, गृहपाठ साठलेला, आणि वर्गातल्या मुलांमध्ये कुजबुज की ह्याला काहीतरी मोठा आजार आहे. 2000 ते 2011 मध्ये आलेल्या नऊ कादंबऱ्यांत तो जेमतेम वर्षभराने मोठा होतो, पण त्या वर्षाने तो थकतो, आणि हा थकवा लेखकाने लपवलेला नाही. जेम्स बाँडला मजा येत असते. अलेक्सला घरी जायचं असतं.

आता लेखकाबद्दल थोडं, कारण ते तुमच्या घराशी फार जवळून जातं. होरोवित्झचा जन्म 1955 चा, घर श्रीमंत. आठव्या वर्षी त्याला बोर्डिंग शाळेत धाडलं. तिथले दिवस फार वाईट गेले असं त्याने वारंवार सांगितलंय. रात्री इतर मुलांना गोष्टी सांगून त्याने ते दिवस काढले. वडील मोठे व्यावसायिक. धंदा बुडायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपला पैसा स्वित्झर्लंडमधल्या गुप्त खात्यांत हलवला. लेखक विशीत असताना वडील कॅन्सरने गेले आणि तो पैसा कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईने शोध शोध शोधला, हाती काही लागलं नाही. घरच्या कर्त्या माणसाचं खरं काम, खरी अडचण घरच्यांना ठाऊक नसते तेव्हा काय होतं, हे ह्या माणसाने पाहिलेलं आहे. ज्या काकाबरोबर आयुष्य काढलं त्याची नोकरीच खोटी होती, अशी गोष्ट त्याने का लिहिली असेल, हे मी सांगायला नको.

आता वही.

तुम्ही लिहिलेली ती वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ताई, त्या पानावर हेरगिरीचं वेड मला दिसत नाही. आयकार्ड न घेता ऑफिसात जाता येत नाही, हे तिला माहीत आहे. न्यायला परत आले नाहीत, म्हणजे त्याची गरज पडली नाही. जिन्यात उभं राहून बाबा मीटिंगमध्ये असल्याचं सांगत होते, म्हणजे कुणाशी तरी खोटं बोलत होते. हा तुमच्या घरातला सीटबेल्ट आहे, आणि तो तिच्या नजरेत आलाय. जूनपासून घरात जे बदललंय ते तिने टिपलंय आणि कुणाला विचारता येत नाही म्हणून वहीत लिहिलंय. वॉचमनची पानं हा खेळ आहे. बाबांचं पान खेळ नाही. ती दोन्ही पानं एकाच वहीत आहेत म्हणून तुम्हाला एकसारखी वाटली.

पुस्तकांनी तिला हे शिकवलं का? नोंद करायची पद्धत कदाचित शिकवली. शंका घरात होती. पुस्तकं काढून घेतलीत तर शंका जाणार नाही, फक्त ती लिहायची जागा जाईल. आणि तिला कळेल की वही आईने वाचली आणि उत्तर म्हणून पुस्तकं गेली. तेरा वर्षांची मुलगी ह्यातून काय अर्थ काढेल? न सांगितलेली गोष्ट मूल आपल्या अंदाजाने भरून काढतं, आणि तो अंदाज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतो. बाबा आजारी असतील. बाबांनी काहीतरी गुन्हा केला असेल. आई-बाबा वेगळे होणार असतील. नोकरी गेली हे त्या मानाने फार सोपं आहे, त्यावर घर एकत्र बसून विचार करू शकतं.

म्हणून तुम्ही दोघं ह्याच आठवड्यात तिला सांगा. सांगायचं तिच्या बाबांनी, तुम्ही शेजारी बसायचं. धाकटं भावंड असेल तर त्यालाही त्याच दिवशी, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. लांबण लावायची गरज नाही. "जूनमध्ये माझा विभाग बंद झाला. माझ्या हातून चूक झाली म्हणून नाही, सगळ्यांचाच गेला. मी रोज अमुक मित्राच्या ऑफिसात बसून अर्ज करतो. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं." मग पैशाचं सांगा, कारण मुलं विचारत नाहीत पण मनात तेच असतं: घर आहे तिथेच राहणार का, शाळेची फी भरली आहे का, दिवाळीचा प्रवास होणार की नाही. जे ठाऊक आहे तेवढंच सांगा. "महिन्याभरात सगळं नीट होईल" असं तारखेचं वचन देऊ नका. ती तारीख ती वहीत लिहून ठेवील.

एक गोष्ट मात्र कराल अशी मला भीती वाटते. "तुला सांगितलंय, पण आजीला बोलू नकोस हं." हे करू नका. घरातलं गुपित सांभाळायचं काम लेकराच्या गळ्यात घालणं म्हणजे ॲलन ब्लंटने केलं तेच, प्रेमाने केलं तरी. सासूबाईंना आधी सांगा, किंवा त्याच संध्याकाळी सांगा. त्या काय म्हणतील ह्याची धास्ती मला समजते. पण ज्या बाईने मुलगा वाढवला तिला त्याचा चेहरा वाचता येत नसेल, असं मला वाटत नाही.

वही तुम्ही वाचलीत, हेही तिला सांगायचं. "कपडे ठेवताना सापडली, उघडली, वाचली. न विचारता वाचायला नको होती." एवढं म्हणा आणि वही तिला परत द्या. बाबांच्या पानाबद्दल रागावू नका. तिच्या बाबांनी स्वतः म्हटलं की "तू बरोबर ओळखलंस," तर त्या एका वाक्याने जे होईल ते माझ्या ह्या सगळ्या पत्राने होणार नाही.

समोरच्या काकूंच्या पानाबद्दल मात्र बोलायचं, आणि स्पष्ट बोलायचं. दुसऱ्याच्या घरी कोण येतं-जातं ह्याची नोंद ठेवायची नाही, आणि कुणाही माणसाच्या मागे जायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. तिला हे पटवायला पुस्तकच मदतीला घ्या. भंगाराच्या यार्डात शिरलेला अलेक्स गाडीसकट चिरडला जाता जाता वाचतो, आणि तो तिथे आहे हे जगात कुणालाच माहीत नसतं. तिला विचारा, हे त्याने कुणाला सांगून केलं असतं तर? दुसरं, आणि हे मुलीच्या आईला मी आवर्जून सांगते: "हे आपल्या दोघांतच राहू दे" असं म्हणणारा मोठा माणूस, ओळखीचा असो की मोबाइलवरचा, दिसला की घरी येऊन सांगायचं. हेरकथा वाचणाऱ्या मुलांना गुपिताचं आकर्षण असतं, त्याचा गैरफायदा घेणारी माणसं असतात. पण हा नियम ती तेव्हाच पाळेल, जेव्हा घरातली मोठी माणसं तिच्यापासून काही लपवत नसतील.

ह्यापुढचे प्रश्न मला त्या मानाने सोपे वाटतात.

हिंसा आहे. पहिल्या पुस्तकांत ती थोडी कार्टूनसारखी आहे, पुढे पुढे गडद होत जाते. सातव्या, 'स्नेकहेड'मध्ये माणसांचे अवयव काढून विकण्याचा भाग आहे, तो रात्री झोपण्याआधी वाचायचा नाही. नवव्या, 'स्कॉर्पिया रायझिंग'मध्ये अलेक्सच्या अगदी जवळच्या माणसावर जे ओढवतं ते मोठ्यांनाही जड जातं. पण ह्या लेखकाने दोन गोष्टी सांभाळल्यात. स्मिदर्सला अलेक्सच्या हातात बंदूक द्यायला वरून मनाई आहे, त्यामुळे मुलगा डोकं चालवून सुटतो. आणि माणूस मेला तर त्याचं ओझं अलेक्सच्या मनावर राहतं. तिसऱ्या पुस्तकातला रशियन सेनापती सारोव्ह आठवतो. त्याचा मुलगा अफगाणिस्तानच्या युद्धात गेलेला, त्याला अलेक्समध्ये तो दिसतो आणि तो त्याला दत्तक घेऊ पाहतो. हजारो माणसं मारायला निघालेला माणूस, आणि त्याच वेळी एक मोडलेला बाप. मला त्या मालिकेतला हा सगळ्यात चांगला भाग वाटतो. तिने ते वाचलेलं आहे, तिला त्याच्याबद्दल नक्की विचारा.

माझी तक्रार वेगळी आहे. ह्या पुस्तकांत वाईट माणूस बहुतेकदा परदेशातून आलेला असतो, किंवा त्याच्या चेहऱ्यावर व्रण असतात, अंगात काहीतरी व्यंग असतं. पहिल्याच पुस्तकातला खलनायक इजिप्तमधून आलेला आहे. इंग्लंडच्या शाळेत गोऱ्या मुलांनी त्याला छळलेलं असतं, म्हणून तो सूडाने पेटतो. लेखक त्याचं दुःख दाखवतो, आणि तरी त्याच्या बुटक्या, सावळ्या रूपावर बोट ठेवल्याशिवाय त्याला राहवत नाही. सावळ्या रंगावरून, उंचीवरून आपल्याकडच्या मुलींना काय काय ऐकावं लागतं हे आपण जाणतो. "ह्या माणसाला असाच का रंगवला असेल?" एवढं एकदा जेवताना विचारा. भाषण देऊ नका, ती हुशार दिसते, पुढचा विचार तिचा ती करील.

सरांना माझा नमस्कार सांगा. तीन-चार वर्षं पुस्तक न धरलेली मुलगी रात्री टॉर्च लावून वाचतेय, ह्यात मला कस दिसतो. शंभर पानांनंतर परत येणारा एखादा धागा लक्षात ठेवणं, सांगणाऱ्यावर सरसकट विश्वास न ठेवणं, गावाचं वर्णन वाचून नकाशा उघडणं, हे सगळं ह्या पुस्तकांतून होतं. तिला 'बरं' वाचायला लावायचं म्हणून ह्या मालिकेचं आमिष करू नका. एक हे, एक ते, असला सौदा मुलं तोंडदेखला पाळतात आणि दोन्हीकडचा रस जातो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी घरात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं येत होती का, ते विचारा. झुंजार, काळा पहाड. हजारावर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचला गेला, आणि वाचणाऱ्यांत मुली होत्या. आजी बोलत्या झाल्या तर नातीला त्यांच्याशी बोलायला एक विषय मिळेल.

रॉचं म्हणाल तर हसण्यावारी नेऊ नका, माहिती द्या. 1968 साली रामेश्वरनाथ काव ह्यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली. पदवी होईपर्यंत त्या वाटेवर वेगळं काही करायचं नसतं. इंटेलिजन्स ब्युरोची अधिकारी पदाची परीक्षा पदवीनंतर देता येते, रॉमध्ये माणसं पोलीस आणि इतर सरकारी सेवांतून घेतली जातात. परकी भाषा, इतिहास, भूगोल ह्यांचा तिथे उपयोग होतो. आणि खऱ्या जगात मुलांना हे काम देणं फार गंभीर गोष्ट समजली जाते. ब्रिटनमध्ये पोलीस गुन्हेगारी टोळ्यांची माहिती काढायला अल्पवयीन मुलांचा वापर करतात, हे 2018 मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या एका समितीने चव्हाट्यावर आणलं तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. तिला हे सांगा. अलेक्सच्या बाजूने ती आणखी हिरिरीने भांडेल.

मराठीसाठी एकच सुचवते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजेच फाफे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या शाळेत शिकणारा, सडपातळ, सायकलवर स्वार, काही संशयास्पद दिसलं की तोंडातून 'ट्टॉक्'. वीस पुस्तकं आहेत, सुटी मिळतात, कुठूनही सुरू केलं तरी चालतं. तिला देताना "हे आपलं मराठी, हेही वाच" असं म्हणू नका. "अलेक्स आणि फाफे एका खोलीत अडकले तर आधी कोण सुटेल?" असं विचारून ठेवून द्या. वाचली तर तिला एक फरक नक्की जाणवेल. फाफेला कुणी कामाला लावत नाही, तो आपणहून उडी घेतो, आणि शेवटी मोठी माणसं त्याच्या पाठीवर थाप देतात. त्या काळचा लेखक मोठ्यांवर विश्वास ठेवणारा होता. तिला ह्यातला कोणता मुलगा जास्त खरा वाटतो, हे मला कळवलंत तर आवडेल. सुरुवातीला तिला मराठी वाचायचा कंटाळा आला तर रात्री एक प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. तेरा वर्षांच्या मुलांनाही वाचून दाखवलेलं आवडतं, ती फक्त तसं म्हणत नाहीत.

तुम्ही स्वतः 'स्टॉर्मब्रेकर' तिच्याकडून मागून घ्या आणि दोन-तीन दिवसांत संपवा, अवघड नाही. ओटीटीवरची मालिका आधी बघू नका. तिचा पहिला सीझन दुसऱ्या पुस्तकावर बेतलेला आहे आणि त्यातला अलेक्स वयाने मोठा वाटतो. 'रशियन रूलेट' नावाचं एक पुस्तक आहे, ते अलेक्सचं नाही, त्याच्या काकाला मारणाऱ्या यासेन ग्रेगोरोविचच्या लहानपणाचं आहे आणि सगळ्यात कठोर आहे. ते तिने नवव्यानंतर, थोडी मोठी झाल्यावर वाचावं. आणि मामेभावाने पाचच पुस्तकं दिली आहेत असं तुम्ही लिहिलंय. पाचवं, 'स्कॉर्पिया', ज्या ओळीवर संपतं तिथे पुस्तक मिटून झोपणं कुणालाही शक्य नाही. सहाव्याचं नाव 'आर्क एंजेल'. ते आधीच आणून ठेवा.